बुंदीची खाज

रात्री दोन-अडीचच्या सुमारास पलंगाखालून आवाज यायचा. टक् टक् टक् टक्. भिंतीवरच्या घड्याळापेक्षा जलद, मध्येच थांबणारा आणि पुन्हा सुरू होणारा. कुत्रं मागच्या पायानं मान खाजवू लागलं की पायाची टाच फरशीवर आपटते, त्याचा तो आवाज. पहिले काही दिवस गंमत वाटली. मग झोप उडाली. मग एका सकाळी तिच्या गादीवर रक्ताचे चार ठिपके दिसले, आणि गंमत संपली.

बुंदी म्हणजे आमची साडेपाच किलोची शिह त्झू. 2021 साली लॉकडाऊनमध्ये मुलीनं हट्टानं आणली, आणि वर्षभरानं नोकरीसाठी बंगळुरूला जाताना तितक्याच हट्टानं आमच्याकडे ठेवून गेली. ती चौदा महिन्यांची असताना पावसाळ्यात खाज सुरू झाली. पुढचे पंजे ती तासन्‌तास चाटत बसे. पंज्यांवरचे पांढरे केस हळूहळू गंजलेल्या लोखंडासारखे तांबूस झाले. मला वाटलं, कुठला रंग लागला असेल. तो रंग तिच्या लाळेचाच होता, हे पुढे कळलं. लाळेत पॉर्फिरिन नावाची द्रव्यं असतात आणि सतत चाटलेले पांढरे केस त्यांनी रंगतात. पांढऱ्या कुत्र्याचे लाल पंजे ही खाजेची लेखी तक्रारच असते. ती वाचायला मला दीड वर्ष लागलं.

त्या दीड वर्षात आम्ही तिला महिन्याला एक इंजेक्शन देऊन आणत होतो. सुईनंतर दुसऱ्या दिवशी खाज गायब. तीन आठवडे आनंदात जात. मग पुन्हा टक् टक् टक्. पुढे तीन आठवड्यांचे दोन झाले. बुंदी पाण्याची वाटी एका दमात रिकामी करू लागली, घरात लघवी करू लागली, पोट सुटलं, पाठीवरचे केस विरळ झाले. इंजेक्शनात काय आहे हे मी विचारलं नव्हतं आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. ते दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइड होतं. तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईनं बाटलीवरचं लेबल वाचू नये, याची लाज आजही वाटते. "इतका त्रास असेल तर गावी कुणाला तरी देऊन टाका," असा सल्लाही याच काळात नातेवाइकांकडून येऊ लागला. तो मनावर घेण्याच्या आम्ही अगदी जवळ पोचलो होतो, हे इथे कबूल करते.

मी पशुवैद्य नाही. पण त्यानंतरच्या वर्षात, एका तरुण डॉक्टरबाईंच्या हाताखाली आणि बऱ्याच वाचनातून, जे कळत गेलं ते लिहून ठेवावंसं वाटलं; कारण आमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी जमणाऱ्या नऊ कुत्र्यांपैकी चार अशीच पंजे चाटत असतात.

खाज कुठे आहे?

खाजेची व्याख्या 1660 साली सॅम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्यानं केली: जिच्यामुळे खाजवण्याची इच्छा होते अशी नकोशी संवेदना. साडेतीनशे वर्षांत यापेक्षा बरी व्याख्या कुणाला सुचलेली नाही. त्यातली मेख अशी की खाज हे लक्षण आहे, रोग नव्हे. ताप आला म्हणजे मलेरिया की टायफॉइड की साधी सर्दी हे जसं निव्वळ थर्मामीटर सांगत नाही, तसं कुत्रं खाजवतं यावरून कारण कळत नाही. आणि कारण शोधण्याआधी खाज दाबली की शोधायची वाटच बुजते. आमचं नेमकं तेच झालं होतं.

नव्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "ही खाजवते कुठे?" मी म्हटलं, "सगळीकडे." त्या म्हणाल्या, "सगळीकडे कुणीच खाजवत नाही. दोन दिवस बघा आणि या."

दोन दिवस वही घेऊन बसले. कुत्र्याच्या अंगाचा नकाशाच असतो म्हणायचा. शेपटीचं मूळ, पाठीचा मागचा भाग आणि मांड्या यांना खाज असेल तर पहिला संशय पिसवांवर. कानांच्या पाळ्यांच्या कडा आणि पायांचे कोपरे खपल्यांनी भरले असतील तर खरजेच्या किड्याचा, म्हणजे सार्कोप्टिसचा. ज्याला आपण लूत म्हणतो त्यातला एक प्रकार. त्याची एक साधी खूण म्हणजे कानाची कड बोटांनी चोळली की कुत्र्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागतो. ही लूत माणसालाही काही काळ त्रास देते, म्हणून घरात कुणाच्या पोटावर, दंडांवर पुरळ आलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगायचं. आणि पंजे, काख, जांघ, पोट, तोंडाभोवतीचा भाग, कानांची आतली बाजू ही ठिकाणं असतील तर संशय ॲलर्जीवर. बुंदीच्या वहीत पंजे होते, काखा होत्या, कान होते. पण शेपटीचं मूळसुद्धा होतं.

"म्हणजे दोन चोर असू शकतात," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्यांनी पंज्याच्या बेचक्यात पारदर्शक चिकटपट्टी दाबली, काचेवर लावून रंगवली आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. शेंगदाण्याच्या आकाराचे शेकडो जांभळे ठिपके. मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट. निरोगी कुत्र्याच्या कातडीवरही ते थोडंफार असतंच, पण कातडी सतत ओली आणि सुजलेली राहिली की माजतं. बुंदीच्या अंगाला जो आंबूस, शिळ्या पिठासारखा वास येत होता तो याचाच. म्हणजे चोर दोन नव्हते, तीन होते; आणि तिसरा पहिल्या दोघांनी उघडं ठेवलेल्या दारातून आत शिरला होता.

पिसवांचा हिशेब

"आमच्याकडे पिसवा नाहीत," असं मी ठामपणे सांगितलं. सगळे तसंच सांगतात. डॉक्टरबाईंनी बारीक दातांची फणी घेतली, शेपटीच्या मुळाशी दोनदा फिरवली आणि फणीत आलेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटकली. साधी धूळ असती तर काळीच राहिली असती. पण एकेका कणाभोवती तांबूस वर्तुळ पसरलं. पिसवांची विष्ठा म्हणजे पचलेलं रक्त, पाण्यात ते विरघळतं. ही चाचणी घरी कुणालाही करता येते आणि तिला पैसे पडत नाहीत.

पिसू कुत्र्यावर दिसत नाही याचं कारण तिच्या संसारात आहे. एक मादी दिवसाला चाळीसेक अंडी घालू शकते. ती चिकट नसतात, केसांतून घरंगळून खाली पडतात. सोफ्याच्या फटीत, गादीखाली, दाराच्या पायपुसण्यात अळ्या वाढतात, मग कोष होतात. घरातल्या एकूण पिसवांपैकी अंगावर उड्या मारणाऱ्या प्रौढ पिसवा साधारण पाच टक्केच, उरलेला पंचाण्णव टक्के गोतावळा अंडी, अळ्या आणि कोष या रूपात घरात पसरलेला असतो. कोषातली पिसू महिनोन्‌महिने वाट पाहू शकते. हादरे, ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर येते. गणपतीला कोकणात जाऊन दहा-बारा दिवसांनी बंद घर उघडावं आणि घोट्यांना कडकडून चावे बसावेत, हा अनुभव ज्यांना आहे त्यांनी या कोषांचं स्वागत स्वीकारलेलं असतं.

ज्या कुत्र्याला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते, त्याला मोजके चावेही कित्येक दिवसांची खाज देऊन जातात. अंगावर शेकडो पिसवा असायची गरज नाही, आणि असं कुत्रं स्वतःला इतकं चाटतं-चावतं की सापडलेली पिसू गिळूनही टाकतं. म्हणजे पुरावाच नष्ट.

उपाय कंटाळवाणा आहे. वजनानुसार दिलेलं पिसूनाशक, किमान तीन महिने, एकही महिना न चुकवता. घरात मांजर किंवा दुसरं कुत्रं असेल तर त्यांनाही. गाद्यांची अभ्रे गरम पाण्यात, सोफ्याच्या फटींत दर दोन दिवसांनी व्हॅक्यूम क्लीनर. इथे लहान कुत्र्यांच्या मालकांना एक इशारा द्यायला हवा. मोठ्या कुत्र्यासाठीची मानेवर टाकायची ट्यूब आणून "अर्धी टाकू" असा हिशेब करू नये. साडेपाच किलोच्या जिवाला चुकीचा अंदाज झेपत नाही. आणि कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराच्या अंगाला लागलं तर मांजर दगावू शकतं.

डॉक्टरबाईंनी मला आणखी एक सवय लावली. शून्य म्हणजे खाज नाही, दहा म्हणजे खाजवण्याखेरीज काहीच सुचत नाही, अशी पट्टी धरून रोज रात्री दिनदर्शिकेच्या चौकोनात आकडा लिहायचा. पशुवैद्यकातल्या अभ्यासांतही अशीच पट्टी वापरतात. सुरुवातीला मी आठ लिहीत होते. तीन महिन्यांनी पिसवा संपल्या, आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पूनं यीस्ट आटोक्यात आलं, आणि आकडा सहावर येऊन थांबला. शेपटीचं मूळ शांत झालं. पंजे मात्र चाटणं चालूच.

दूध-पोळीवरचा खटला

इथून आमच्या घरातल्या खऱ्या संघर्षाला तोंड फुटलं. माझ्या सासूबाई 81 वर्षांच्या. सकाळी चहाबरोबर पोळीचा तुकडा दुधात बुडवून बुंदीला भरवणं, हा त्यांच्या दिवसातला बहुधा सगळ्यात आनंदाचा भाग. आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, आता आठ आठवडे तो बंद.

अन्नाच्या ॲलर्जीबद्दल आपल्याकडे गैरसमज पुष्कळ. ती नव्या अन्नानं होते असं वाटतं. प्रत्यक्षात शरीर ज्या प्रथिनाला वारंवार सामोरं गेलंय त्याच्यावरच ते उलटतं. वर्षानुवर्षं निमूट खाल्लेल्या पदार्थाची ॲलर्जी अचानक सुरू होऊ शकते. म्युलर, ऑलिव्ह्री आणि प्रेलो या तिघांनी 2016 साली आधीच्या अभ्यासांतली जवळजवळ 300 कुत्र्यांची माहिती एकत्र केली. त्यात गोमांस सुमारे 34 टक्के, दुधाचे पदार्थ 17, चिकन 15 आणि गहू 13 टक्के कुत्र्यांत दोषी आढळलं. गोमांस पहिलं, कारण तिकडच्या कुत्र्यांच्या ताटात ते रोज असतं. ते वगळून यादी पुन्हा वाचा: दूध, चिकन, गहू. मराठी घरातल्या लाडक्या कुत्र्याचा हाच तर आहार. सकाळी दूध-पोळी, रविवारी चिकनचं पाणी घातलेला भात, येताजाता ग्लुकोज बिस्कीट.

याची रक्तचाचणी मिळते, पण अन्नाच्या बाबतीत ती भरवशाची नाही. केस आणि लाळ पाठवून ॲलर्जीची लांबलचक यादी देणाऱ्या चाचण्यांची तर 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात परीक्षाच घेतली गेली. ॲलर्जी असलेल्या आणि नसलेल्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर कृत्रिम केस आणि साधं मिठाचं पाणीही पाठवलं. त्या खोट्या केसांनाही ॲलर्जी असल्याचे अहवाल आले.

खरी चाचणी एकच, आणि ती स्वयंपाकघरात होते. कुत्र्यानं आयुष्यात कधी न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ, एवढंच सलग आठ आठवडे द्यायचं. आठ का? तर अन्नाची ॲलर्जी असलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक कुत्री तेवढ्या काळात सुधारतात, पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अनेकांचा निकाल लागलेला नसतो. दुसरा मार्ग म्हणजे पशुवैद्यांकडे मिळणारं असं तयार खाद्य, ज्यातल्या प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची पहारा-यंत्रणा त्यांना ओळखत नाही. बुंदीनं ते हुंगून तोंड फिरवलं. उरला पहिला मार्ग. तिनं कधीच न खाल्लेलं प्रथिन म्हणजे मासे, कारण आमचं घर शाकाहारी आणि तिचं चिकन फक्त पाकिटातल्या खाद्यातलं. मग बाल्कनीत इंडक्शनची शेगडी मांडली, वेगळं पातेलं आणलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी सुरमई उकडली. काटे काढलेली सुरमई आणि उकडलेलं रताळं. मीठ नाही, मसाला नाही. (कांदा-लसूण तर कुत्र्याला कधीच नाही, त्यानं त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात.)

सासूबाईंनी बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या.

चौथ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की बुंदी सकाळी साडेसातला त्यांच्या खुर्चीशी जाऊन बसते आणि आठला तोंड चाटत परत येते. विचारलं तेव्हा त्या आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "घासभर पोळीनं काय होतंय? ती बघते गं माझ्याकडे." घासभर पोळीनं तीन आठवडे वाया गेले होते. ॲलर्जीच्या हिशेबात घास आणि ताट असा फरक नसतो. पण मी रागावू शकले नाही. त्यांचं खरं दुःख पोळीचं नव्हतंच. आपल्या हातचं खाऊन ते जनावर आजारी पडतंय, या आरोपाचं होतं.

घड्याळ पुन्हा शून्यावर. या वेळी मी त्यांच्या खुर्चीशेजारी वाटीत उकडलेल्या रताळ्याच्या फोडी ठेवल्या. साडेसातचा कार्यक्रम चालू राहिला, फक्त पदार्थ बदलला. आठ आठवडे पूर्ण झाले. दिनदर्शिकेवरचा आकडा: सहा, सहा, पाच, सहा. मग चाचणीचा दुसरा भाग, जो बहुतेक लोक गाळतात. जुनं अन्न पुन्हा सुरू करायचं आणि चौदा दिवस पाहायचं. अन्न दोषी असेल तर खाज त्या अवधीत उसळून येते. पोळी परतली, दूध परतलं, चिकनवालं खाद्य परतलं. आकडा सहाच.

दूध-पोळी निर्दोष सुटली. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला ठाऊकच होतं." आणि बुंदीला दोन तुकडे जास्त दिले.

उरला तो धूळकिडा

पिसवा नाहीत, लूत नाही, अन्न नाही. सगळ्यांना वगळून जे उरतं त्याला ॲटॉपिक डर्मटायटिस म्हणतात. कुत्र्यांतलं इसबच म्हणा. हवेतल्या, घरातल्या साध्या गोष्टींवर शरीर बिथरतं. साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात ते सुरू होतं. शिह त्झू, ल्हासा अप्सो, पग, फ्रेंच बुलडॉग, वेस्ट हायलँड टेरियर ही लहान चणीतली नावं वारंवार येतात. आपल्याकडे मोबाइलच्या जाहिरातीनं पग घरोघर नेला तेव्हा त्याच्याबरोबर त्याची कातडीही आली, हे जाहिरातीत नव्हतं.

ॲलर्जी हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 साली घडवला. पण मला या इतिहासातला सर्वांत आवडता प्रसंग 1921चा. हाइन्झ क्युस्टनर यांना माशाची ॲलर्जी होती. त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला. प्राउस्निट्झ यांना माशाचं वावडं नव्हतं, तरी त्या जागी गांध उठली. रक्तात काहीतरी आहे जे ही वैरभावना वाहून नेतं, हे सिद्ध झालं. ते "काहीतरी" म्हणजे आयजीई हे प्रतिपिंड, हे कळायला इशिझाका दांपत्याच्या 1966च्या शोधापर्यंत थांबावं लागलं. कुत्र्यालाही माणसासारखी ॲलर्जी होते याची नोंद त्याआधीच, 1941 साली, अमेरिकेतले डॉक्टर विटिच यांनी केली होती. त्यांच्या नोंदीतल्या कुत्र्याला ठरावीक मोसमात परागकणांचा त्रास व्हायचा.

फरक इतकाच की परागकणांनी माणूस शिंकतो आणि कुत्रं खाजवतं. कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर मुळातच पातळ, पेशींचे तीन ते पाच पदर, आपल्याकडे दहा-पंधरा. त्या पेशी विटा धरल्या तर त्यांच्यामधला चुना म्हणजे सेरामाइडसारखे स्निग्ध पदार्थ, आणि ॲटॉपिक कुत्र्यात तोच कमी असतो. भिंतीला भेगा पडलेल्या. त्यांतून धूळकिड्याची प्रथिनं आत शिरतात. हा धूळकिडा, डर्मॅटोफॅगॉइडिस, डोळ्यांना दिसत नाही; आपल्या आणि कुत्र्याच्या गळलेल्या कातडीचे कण खाऊन गाद्यांमध्ये राहतो आणि त्याला दमट हवा प्रिय. ठाणे-मुंबईचा पावसाळा त्याच्या पथ्यावर पडतो. दिवाळीच्या साफसफाईत गाद्या झटकल्या, माळे उतरवले की दरवर्षी बुंदीचा आकडा दोन दिवस वर जातो. आता साफसफाईच्या दिवशी तिला शेजाऱ्यांकडे पाठवतो. लहान कुत्र्याचं पोट जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर, त्यामुळे ओल्या फरशीवरचं फिनेलसुद्धा तिला आपल्याआधी लागतं. फरशी आता साध्या पाण्यानं पुसतो.

फिनलंडमध्ये कुत्री आणि त्यांचे मालक यांचा एकत्र अभ्यास झाला, 2018 साली तो प्रसिद्ध झाला. शहरी घरांपेक्षा ग्रामीण भागात दोघांतही ॲलर्जी कमी आढळली, आणि ज्या घरात कुत्र्याला ॲलर्जी होती तिथे मालकालाही असण्याचा संभव जास्त होता. हे वाचून मी माझ्या जुन्या दम्याच्या पंपाकडे पाहिलं.

औषधं, आणि आंघोळ

ॲटॉपी बरी होत नाही. हे वाक्य डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी कदाचित दुसरा डॉक्टर शोधला असता. पण ती आटोक्यात राहते, आणि आटोक्यात ठेवायची साधनं गेल्या दहा-बारा वर्षांत पालटली आहेत.

स्टेरॉइडला मी खलनायक मानत नाही. फिलिप हेन्च यांनी 1948 साली सांधेदुखीवर कॉर्टिझोन वापरलं आणि दोनच वर्षांत नोबेल मिळालं, ते उगाच नव्हे. थोड्या दिवसांसाठी, गोळीच्या रूपात, मात्रा उतरवत नेऊन दिलं तर ते आजही उत्तम औषध आहे. महिन्यामागून महिना टिकाऊ इंजेक्शन दिलं की तहान, भूक, पातळ कातडी, जंतुसंसर्ग आणि मधुमेहापर्यंत मजल जाऊ शकते. आणि गोळ्या चालू असतील तर एका दिवसात स्वतःच्या मनानं बंद करणंही तितकंच घातक, कारण शरीरानं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं सोडून दिलेलं असतं.

नवी दिशा 2004 साली उघडली. इंटरल्यूकिन-31 हा रेणू जास्त बनवणारे उंदीर संशोधकांनी तयार केले, तर ते स्वतःला ओरबाडू लागले, त्यांचे केस गेले. खाजेचा निरोप मज्जातंतूंपर्यंत नेणारा एक जासूद सापडला होता. 2013 साली कुत्र्यांतही तो काम करतो हे दाखवलं गेलं. त्याच वर्षी अमेरिकेत ओक्लासिटिनिब या गोळीला मान्यता मिळाली. ती पेशीच्या आत, निरोप पोचल्यावर वाजणारी घंटा बंद करते. लोकिवेटमॅब हे त्यानंतर आलेलं इंजेक्शन जासुदालाच वाटेत पकडतं आणि चार ते आठ आठवडे पुरतं. बुंदीला आम्ही गोळी निवडली: पहिले 14 दिवस दोनदा, मग रोज एकदा. पहिल्या रात्री आकडा तीन. मी तीनदा उठून ती श्वास घेतेय ना पाहिलं, इतकी ती शांत झोपली होती. ही गोळी वर्षाखालच्या पिल्लाला देत नाहीत, गंभीर संसर्ग असताना देत नाहीत, आणि अधूनमधून रक्त तपासावं लागतं. स्वस्तही नाही.

तिसरा मार्ग जुना आहे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात 1911 साली लेनर्ड नून यांनी गवताच्या परागकणांचा अर्क वाढत्या मात्रेत टोचून रुग्णांची सहनशक्ती वाढवली. परागांत विष असतं अशी त्यांची समजूत होती. समजूत चुकीची, उपचार बरोबर. विज्ञानात असं होतं. आज कुत्र्यांनाही असंच धूळकिड्याचं प्रतिरक्षण देतात. निम्म्याहून अधिक कुत्र्यांना बरा उपयोग होतो, पण सहा महिने ते वर्षभर धीर धरावा लागतो. आम्ही ते यंदा सुरू केलंय. गोळी कधी तरी सुटावी, एवढीच आशा.

माणसांच्या सर्दीच्या गोळ्या या कुत्र्यांना फारशा लागू पडत नाहीत, आणि त्यातल्या काहींत नाक मोकळं करणारं जे औषध मिसळलेलं असतं ते कुत्र्याला विषारी ठरतं. टी-ट्री तेलाचंही तेच. सोरायसिसवरचं कॅल्सिपोट्रिऑल असलेलं मलम आपण लावलं आणि कुत्र्यानं आपला हात चाटला तरी धोका आहे. हळद? खंडोबाच्या पायाशी भंडाऱ्यात न्हालेलं कुत्रं बसलेलं असतं, त्यामुळे आमच्याकडेही हळद-खोबरेल लावून झालं होतं. बुंदीनं ते सगळं चाटून घेतलं, सोफा पिवळा झाला, आणि तेलकटपणावर यीस्ट मात्र पोसलं.

या सगळ्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती आंघोळ, कारण ती माझ्या हातात आहे. कोमट पाणी, गरम कधीच नाही. क्लोरहेक्झिडीन असलेला कुत्र्यांचाच शाम्पू. आपली कातडी आम्लधर्मी, त्यांची जवळपास उदासीन, त्यामुळे आपला शाम्पू त्यांना चालत नाही. फेस केल्यावर दहा मिनिटं थांबायचं. हीच पायरी सगळे चुकतात. औषधाला तेवढा वेळ लागतो आणि ओलं, केविलवाणं कुत्रं दहा मिनिटं कुणाला थांबू देत नाही. मग भरपूर पाण्यानं धुऊन, पंज्यांच्या बेचक्यांपर्यंत कोरडं करायचं. रोज फिरून आल्यावर पंजे ओल्या फडक्यानं पुसायचे, लगेच कोरडे करायचे. त्या दहा मिनिटांसाठी सासूबाई न्हाणीघराच्या दारात स्टूल टाकून बसतात आणि बुंदीला रामरक्षा म्हणून दाखवतात. संथ म्हटली की बरोबर वेळ भरते.

काल रात्रीचा आकडा दोन. पंज्यांचे नवे केस मुळाशी पांढरे येऊ लागलेत, टोकं अजून तांबूस आहेत. पुढच्या महिन्यात ती कापायची.